भैरीचा डावा कौल

मी एकनिष्ठ नवरा आहे. हे मी स्वतःच्या तोंडाने सांगतोय याचं कुणाला नवल वाटेल, पण महाडात ते दुसरं कुणी सांगत नाही, म्हणून मलाच सांगावं लागतं. सरकारी कचेरीत हेडक्लार्क असूनही मी पत्ते खेळत नाही, संध्याकाळी पुलावर उभा राहत नाही, आणि परस्त्रीकडे बघायची वेळ आलीच तर तिच्या अर्जाकडे बघतो. अर्जात चुका असतातच, त्यामुळे वेळही चांगला जातो.

या एकनिष्ठेचं सगळं श्रेय मी देवाला देत असे. माझं मत असं, की ज्या माणसाच्या घरी सकाळ-संध्याकाळ देवापुढे दिवा लागतो तो संसारात वाकडं पाऊल टाकत नाही. टाकणारच कसा? वरून कोणीतरी बघतंय ही जाणीव असते ना! आमच्या कचेरीत साहेब रजेवर असले की काय काय चालतं हे मी रोज पाहतो. साहेब खुर्चीत असले की तीच माणसं मान खाली घालून फायली ओढतात. देव हा कायम खुर्चीत बसलेला साहेब आहे, असं मी आमच्या चाळीच्या ओट्यावर बसून अनेकदा समजावून सांगितलं होतं. ऐकणारा एकच असे, रामजी गुरुजी.

रामजी गुरुजी आमचे शेजारी. प्राथमिक शाळेत मास्तर, बौद्ध, सिगारेट नाही, चहा मात्र भरपूर. आमच्या आणि त्यांच्या खोलीत एकच भिंत, आणि ती भिंत कंत्राटदाराने बांधली की नुसती रंगवली याबद्दल आम्हा दोघांनाही शंका आहे. माणूस अत्यंत सज्जन, पण वादात चिवट.

त्या वर्षी भातकापणीच्या सुमारास एक बातमी आली. पोलादपूरकडचा कुणी एक कंत्राटदार, दर पौर्णिमेला सत्यनारायण घालणारा, कपाळभर गंध लावणारा, साडूच्या बायकोला घेऊन मुंबईला पळाला. गुरुजी चहाची बशी घेऊन ओट्यावर आले आणि म्हणाले, "भाऊसाहेब, तुमचं मत मुंबईला गेलं. पहाटेच्या एसटीने."

"तो दिखाऊ भक्त होता," मी म्हटलं. "खऱ्या भक्ताचं बोला."

"खरा कोणता ते पळून गेल्यावरच कळतं की काय?"

"गुरुजी, श्रद्धा नसेल तर माणसाला धरून ठेवणार कोण?"

"मग माझं काय?" गुरुजींनी बशी खाली ठेवली. "माझ्या घरी देव्हारा नाही. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरी आहेत, पण त्या काही माझ्यावर पहारा ठेवायला लावलेल्या नाहीत. मी काय सोनाबाईला फसवतो?"

"तुम्ही अपवाद आहात."

"मग आमची अख्खी वस्तीच अपवादाची आहे. अहो, आम्ही पंचशील घेतो, त्यात हेही येतं. पण ते आपण दिलेलं वचन. दिलं तर आपणच पाळायचं. वर कोणी शिट्टी घेऊन उभा नाही."

आतून सोनाबाईंचा आवाज आला, "वचन राहू दे, आधी नळ आला तो बघा. पाणी कोण भरणार?" गुरुजी उठून पाणी भरायला गेले. वादात हार दिसली की माणसं अशी कामं काढतात, हा माझा अनुभव आहे.

ते परत आल्यावर मी माझा हुकमी मुद्दा काढला. माझं आणि गोदूचं लग्नच मुळी देवाच्या कौलाने झालेलं आहे. गोदूचं माहेर कापडे, पोलादपूरच्या पुढे. तिथे भैरीदेवाला विचारल्याशिवाय कुणी मुलगी देत नाही. माझ्या वेळी विचारलं आणि उजवा कौल आला. म्हणजे मी नुसता नवरा नव्हे, देवाने स्वतः निवडलेला नवरा. ही हकीकत मी कचेरीत, लग्नकार्यात, एकदा तर आमदारांच्या सभेतही सांगितलेली आहे.

"मग त्यालाच विचारा," गुरुजी म्हणाले. "तुम्हाला निवडून त्याला वीसेक वर्षं झाली. निवड कशी निघाली, ते सांगेल."

"विचारतोच!" मी मांडीवर थाप मारली. "येत्या रविवारी. तुम्ही साक्षीला चला. तटस्थ माणूस हवा."

दारात गोदू सुपात तांदूळ निवडत बसली होती. तिचा हात थांबला. "कशाला पायजे ते?" ती एवढंच म्हणाली आणि पुन्हा खडे काढू लागली. बायकांना शोधकार्याची गोडी नसते, असं तेव्हा माझं मत होतं.

आता कौलाची पद्धत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचा सगळा अन्याय कसा झाला हे कळणार नाही. भैरीदेवाची उभी काळी शिळा आहे, तिला घडवलेले खांदे. गुरव तगरीच्या दोन कळ्या पाण्यात बुडवतो आणि एक उजव्या, एक डाव्या खांद्यावर चिकटवतो. मग गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. कापड्यात विहीर खणायची, बैल घ्यायचा, पोराला मुंबईला धाडायचं, सगळं या दोन कळ्यांवर चालतं. गोदूही लहानपणापासून त्या देवावर जीव टाकून आहे. सोमवारी ती उपास धरते तो त्याच्यासाठी.

रविवारी मी, गुरुजी आणि आमच्या चाळीतल्या साळूबाई असे निघालो. साळूबाईंना कुणी बोलावलं नव्हतं. त्यांचा तिकडे काही नवस राहिला होता, तो त्यांना शनिवारी रात्री आठवला. गोदू आली नाही. म्हणाली, मला कामं आहेत.

सदू गुरवाने कळ्या लावल्या आणि डोळे मिटून सुरू केलं, "हे बा भैरीदेवा, म्हाडावरून तुजा जावय आलाय. शिकलेला हाय, सरकारात हाय. त्याचं म्हननं, मी माज्या बायकोशी इमानी हाय आनि ती तुजी किरपा हाय. तसं असंल तर उजवी दे, नसंल तर डावी दे..."

डावी पडली.

पडली म्हणजे काय, टपकन पडली. देवाने विचार करायलासुद्धा वेळ घेतला नाही. सदूने एक डोळा उघडून कळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि डोळा परत मिटून घेतला. साळूबाईंनी पदर तोंडाला लावला. तो रडू लपवायला नव्हता, हे मी खात्रीने सांगू शकतो.

"पुन्हा लाव," मी म्हटलं.

"तसं नाय करता येत, भाऊसायब," सदू म्हणाला. "एक सवाल, एक कौल. गावाचा नियम हाय."

परतीच्या गाडीत साळूबाई पुढे ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसल्या. पोलादपूर स्टँड येईपर्यंत गाडीतला प्रत्येक माणूस वळून एकदा माझ्याकडे बघून गेला होता. कंडक्टरने तर तिकीट तपासून परत देताना माझ्या खांद्यावर हलकेच थोपटलं. मी आयुष्यात कंडक्टरला खांद्यावर हात ठेवू दिलेला नाही.

घरी पोचलो तेव्हा साळूबाई माझ्याआधी चाळीत शिरल्या होत्या. गोदूने मला पाय धुवायला पाणी दिलं, पाट मांडला, भात वाढला. तिने भांडावं म्हणून मी आमटी अळणी आहे असं खोटंच म्हटलं. तिने मिठाची वाटी पुढे सरकवली.

माझी अडचण कशी होती बघा. कौल खरा मानावा, तर मी बाहेरख्याली ठरतो. कौल खोटा मानावा, तर देव खोटा पडतो, देव माणसाला सरळ ठेवतो हे माझं मत पडतं, आणि मला देवाने निवडलं हे माझं प्रमाणपत्रही त्याच कळ्यांबरोबर खाली येतं. रामजी गुरुजींना हे पहिल्या क्षणी कळलं होतं. पण त्यांनी त्याचा फायदा घेतला नाही. ते फक्त म्हणाले, "भाऊसाहेब, वाऱ्याने पडली असेल हो. सोडून द्या."

"वारा कसला! देवाच्या गाभाऱ्यात वारा देवाच्या मर्जीने येतो," मी म्हटलं. बोलून गेल्यावर लक्षात आलं की मी माझ्याच विरुद्ध साक्ष दिली.

मग मी प्रामाणिकपणे स्वतःची चौकशी लावली. रात्रभर पडून वीस वर्षांतली प्रत्येक बाई आठवली. पोस्टातली, दवाखान्यातली, रॉकेलच्या रांगेत माझ्यापुढे उभी राहिलेली. कुठे काही सापडेना. खरं सांगायचं तर पहाटेपर्यंत मला थोडं वाईट वाटू लागलं. माणसाच्या आयुष्यात निदान संशय घेण्याजोगं तरी काही असावं.

कचेरीत बातमी सोमवारी साडेदहाच्या आत पोचली. साहेबांनी मला आत बोलावलं, दार लावलं आणि म्हणाले, "उतेकर, तुम्ही?" आणि मग त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. "छे हो! तुम्ही कसले!" म्हणत त्यांनी डोळे पुसले. मी निर्दोष आहे असं मानणारा हा पहिला माणूस, पण ज्या कारणाने तो मला निर्दोष मानत होता ते कारण मला मुळीच आवडलं नाही. उलट आमचा शिपाई चांगू, जो आजवर मला चहा आणताना अर्धा बशीत सांडून आणी, तो त्या दिवसापासून मला पूर्ण कप आणून देऊ लागला आणि जाताना सलाम करू लागला. टायपिंगमधल्या एका तरुण क्लार्कने तर मधल्या सुट्टीत जवळ येऊन हळूच विचारलं, "भाऊसाहेब, तुमच्यासारखं कुणाला कळू न देता कसं जमवायचं?" मी त्याला हाकलून दिला. इज्जत अशा दोन्ही बाजूंनी चालली होती.

सल्ल्यांना तोटा नव्हता. चाळीतला प्रत्येक माणूस संध्याकाळी ओट्यावर येऊन काहीतरी सांगून जाई. कुणी म्हणालं, तांब्याच्या पैशाची अंगठी घाला. कुणी म्हणालं, कबूल करून टाका, मोकळं वाटतं. "पण काय कबूल करू?" असं विचारलं तर म्हणे, "ते तुम्हालाच ठाऊक." साळूबाईंनी मात्र ठोस उपाय दिला. सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात जाऊन आंघोळ करायची, भिजल्या अंगाने भैरीचं नाव घ्यायचं, की शरीराने केलेलं शरीरावरच धुऊन निघतं.

"मी शरीराने काही केलेलं नाही," मी म्हटलं.

"मग मनानं केलेलं निघंल," त्या म्हणाल्या. "पाणी गरम आहे चांगलं."

मी सवला गेलो. का गेलो, असं गुरुजींनीही विचारलं. माझं म्हणणं, धुतलेलं कापड पुन्हा धुतल्याने काही बिघडत नाही. कुंडावर गर्दी होती, माझी पाळी यायची होती, मी हातात पंचा घेऊन उभा होतो. तेवढ्यात दासगावची एक बाई आली. दासगावची हे मला नंतर कळलं, त्या वेळी मी तिचं तोंडही नीट पाहिलं नव्हतं.

"भाऊ, येवढं गाठोडं धरता काय? म्या बायकांच्या तिकडं जाऊन येते. खाली चिकल हाय, ठेवू कुटं?"

भाऊ म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? मी गाठोडं धरलं. बाई आत गेली ती गेलीच. गाठोड्याची गाठ ढिली होती. थोड्या वेळाने त्यातून हिरवं लुगडं सुटून माझ्या हातावर लोंबू लागलं. ते सावरायला गेलो तर चोळी बाहेर आली. चोळी वर घेतोय तोवर लुगड्याचं टोक चिखलात जाऊ लागलं, म्हणून ते मी गळ्यात टाकलं. परस्त्रीचं वस्त्र चिखलात पडू न देणं हा सभ्यपणाच आहे, असं मी अजूनही म्हणतो.

या अवस्थेत समोरून आमच्या साहेबांच्या मंडळी, त्यांच्या दोन बहिणी आणि त्यांच्या पिशव्या उचलून चांगू, असे आले. चांगूने पिशव्या खाली ठेवल्या आणि मला सलाम केला.

"हे माझं नाही," मी म्हटलं.

"ते दिसतंय, भाऊसाहेब," चांगू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी साहेब हसले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी कचेरीतून आलो तर गोदू ओट्यावर उभी होती, हातात पिशवी. "कापड्याला जाते," ती म्हणाली. "चुलत्यांकडे झोडणी आहे."

"किती दिवस?"

"भात झोडून होईपर्यंत."

मी घरात जाऊन पाहिलं. तिने जरीकाठाचं लुगडं नेलं होतं. भात झोडायला जरीकाठ कोण नेतं? देव्हाऱ्यात समई तशीच होती, तेलवात करून ठेवलेली. मी ती लावली आणि समोर बसून राहिलो. तोवर माझा सगळा राग देवावर, साळूबाईंवर, चांगूवर होता. त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं, की गावाने काय मानलं याची मला फारशी फिकीर नव्हती. गोदूने काय मानलं, हे मला माहीत नव्हतं. तिचा त्या देवावर माझ्याहून जास्त विश्वास. देव एकीकडे आणि मी दुसरीकडे, तर तिने कुणाचं ऐकायचं? मी भात लावला, तो करपला. पलीकडून सोनाबाईंनी भाकरी आणि सुकट पाठवली. ती खाताना ऑफिसात काय काय झालं ते सांगायला तोंड उघडलं, तर समोर कुणी नव्हतं.

शनिवारी मी अर्ज लिहिला. विषय: दिनांक अमुक रोजी दिलेल्या कौलाचा फेरविचार होणेबाबत. खाली तीन मुद्दे, अर्जदाराची पूर्ववर्तणूक, आणि विनंती विशेष. नक्कल गुरवास माहितीसाठी. रामजी गुरुजींना वाचून दाखवला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतला आणि म्हणाले, "मीही येतो."

"तुम्ही कशाला? तुम्ही तर जिंकलात."

"मी जिंकलो तर तुमची बायको माहेरी का गेली?" ते म्हणाले आणि चप्पल घालून आले.

कापड्याच्या देवळात पंच बसले होते. त्यांतले मुख्य कुशाबा, गोदूचे थोरले चुलते. मी अर्ज दिला. त्यांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि जपून टोपीखाली ठेवला.

"जावयबापू, देवावर अपील नाय."

"अपील नाही. फेरविचार आहे."

"तेबी नाय. एक सवाल, एक कौल. परत इचारायचा तर शिमग्याला या."

"शिमग्याला! अहो, माझा संसार मोडायला आलाय, आणि तुम्ही मला चार महिन्यांची तारीख देता? नियम कुठे लिहिलाय तो दाखवा."

"लिवलेला नाय, पन हाय. उगाच नाय झाला. मागं एका पोरीनं देवाला तीन-तीनदा इचारून बेजार केला हुता. तवापास्नं गावानं ठरवलं, आता एकदाच."

"म्हणजे गावातल्या एका पोरीला तीनदा विचारू दिलंत, आणि बाहेरचा म्हणून मला दोनदाही नाही? हा पक्षपात आहे. कोण ती पोरगी?"

कुशाबांनी सदूकडे पाहिलं, सदूने देवाकडे पाहिलं. तेवढ्यात रामजी गुरुजी उभे राहिले.

"मी देव मानत नाही," ते म्हणाले, "तेव्हा माझी साक्ष धरायची की नाही ते पंचांनी ठरवावं. यांच्या आणि आमच्या घरात एक भिंत आहे, पत्र्यासारखी. सगळं ऐकू येतं. हे रोज कचेरीतून आले की चप्पल काढायच्या आत सुरू करतात, 'गोदू, आज काय झालं सांगतो.' ते जेवण होऊन दिवा मालवेपर्यंत संपत नाही. वीस वर्षं मी ते ऐकतोय, आमच्या घरात आम्हाला आमचं बोलायला मिळत नाही. ज्या माणसाला एवढं सगळं एकाच बाईला सांगायचं असतं, तो दुसरीकडे जाईल कधी? आणि गेलाच, तर तेही येऊन हिलाच सांगेल."

पंच हसले. मला त्या साक्षीतलं अर्धं आवडलं नाही, पण उरलेलं अर्धं अर्जात चौथा मुद्दा म्हणून घालायला हवं होतं.

"ती पोरगी मीच," मागून आवाज आला.

देवळाच्या दारात गोदू उभी होती. अंगावर भाताचं तूस, डोक्याला फडकं. रागावली की तिची बोली पुन्हा कापड्याची होते, तशी झाली होती.

"काका, सांगा ना यांना. सांगायला लाजता कशाला? माज्या लग्नाचा कौल डावा पडला हुता."

"डावा?" मी म्हटलं. माझं प्रमाणपत्र!

"पयला डावा. मी म्हटलं, परत लावा. दुसराबी डावा. बाबा म्हनाले, संपलं, पोराला निरोप धाडा. मी हितं पायरीवर बसून र्‍हायले, म्हटलं तिसऱ्यांदा लावल्याबिगर मी उठनार नाय."

"आणि तिसरा उजवा आला!" मी म्हटलं. "पाहिलंत गुरुजी? शेवटी देवाने..."

"देवानं काय नाय," गोदू म्हणाली. "तिसऱ्यांदा मी दारात जाऊन उभी र्‍हायले. अशी."

तिने दोन्ही हात चौकटीला लावले. गाभाऱ्यात अंधार झाला आणि समईची ज्योत, जी इतका वेळ फडफडत होती, ती सरळ उभी राहिली. सदू गुरव हळूच पुटपुटला, "डावा खांदा दाराच्या अंगाला हाय. वारा तिकडनंच येतो." आणि मग कुणी विचारायच्या आत म्हणाला, "पन वाराबी देवाचाच की."

मी चौकटीकडे पाहिलं, मग समईकडे पाहिलं. "पण गोदू," मी म्हटलं, "तुझा एवढा विश्वास. देव दोनदा नाही म्हणाला, तरी तू..."

"देवानं तुमाला कुटं बघितलं हुतं? मी बघितलं हुतं." तिचा आवाज खाली आला. "तुमच्या आत्याला घाई, म्हणून भर श्रावणात मुलगी बघायला आला होतात. निघताना बांधावरून घसरलात. कमरेपर्यंत चिखलात. कोटबिट सगळं. मी मागच्या दारातून बघत होते. मला वाटलं, आता हा माणूस शिव्या देणार. तर तुम्ही खालूनच ओरडलात, 'आत्या, इथं जपून हं, निसरडं आहे.' तेव्हाच माझं ठरलं. देवाला नंतर विचारलं."

कुशाबा टोपी काढून डोकं खाजवू लागले. माझा अर्ज खाली पडला, तो कुणीच उचलला नाही.

"मग तू माहेरी का आलीस?" मी विचारलं. "जरीकाठ घेऊन?"

"चुलतभावाचा साखरपुडा आहे उद्या. तुम्हाला सांगितलं होतं मागच्या महिन्यात. तुम्ही तेव्हा ऑफिसातलं सांगत होतात." मग तिचे डोळे भरून आले. "आणि मला राग आला होता. वीस वर्षं मी तुमच्या घरात आहे. आणि तुम्ही खरे का खोटे, हे विचारायला तुम्ही एसटी करून इथं आलात. मी दारात तांदूळ निवडत बसले होते. मला विचारायचं सुचलं नाही तुम्हाला?"

मी म्हटलं, "आता विचारू का?"

"नको," ती म्हणाली. "एक सवाल, एक कौल."

पंचांत मोठा हशा झाला. रामजी गुरुजींचा आवाज त्यात सगळ्यांत मोठा होता. नंतर त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, की मग तुमच्या मताचं आता काय करायचं. मी म्हटलं, मत ठीकच आहे, फक्त त्यात थोडी दुरुस्ती लागेल. ती मी अजून करतोय. गोदूचं म्हणणं सोपं आहे. ती म्हणते, देव आहेच, दिवा लावायचाच, पण नवरा-बायकोचं त्याच्यावर टाकायचं नाही. त्याला गावभरची कामं असतात.

साखरपुडा उरकून आम्ही तिघं सोमवारी सकाळची गाडी पकडायला निघालो. रस्त्याला लागायचं तर तेच बांध, तीच खाचरं. भात कापून झालेलं, पण कुणीतरी पाटाचं पाणी सोडलं होतं. मी पुढे होतो, खांद्यावर तिची पिशवी, आणि गुरुजींना समजावत होतो की वारा देवाचा मानला तर दारात उभी राहिलेली मुलगीही देवाचीच का मानू नये. मुद्दा चांगला होता. तो पूर्ण व्हायच्या आत माझा पाय गेला.

पिशवी मी वर धरली होती, त्यामुळे जरीकाठाला काही झालं नाही. बाकी सगळा मी चिखलात होतो. डोळ्यांवरचा चिखल काढला, तर बांधावर गोदू माझ्यामागोमाग पाऊल टाकायला निघालेली.

"गोदू, इथं जपून हं," मी म्हटलं, "निसरडं आहे."

ती तिथेच थांबली आणि पदर तोंडाला लावून हसू लागली. हसता हसता रडू लागली आणि मग पुन्हा हसू लागली. गुरुजी आदबीने दुसरीकडे, डोंगराकडे बघत राहिले. मला उठायला हात द्यायचं त्या दोघांनाही सुचलं नाही, आणि मीही घाई केली नाही. कारण माझ्या एक गोष्ट लक्षात आली होती. मी पडलो होतो तो उजव्या अंगावर.